डावीकडे स्टिअरिंग, उजवीकडे लातू

मित्रांनो, निरफणसाच्या झाडाखाली उभी असलेली ही फिकट निळी जुनी गाडी म्हणजे मी. माझ्या टपावर कोंबडी बसली आहे म्हणून मला खुराडे समजू नका. माझे इंजिन अजून पहिल्या हाकेला ओ देते. आजवर माझ्याबद्दल पुष्कळ लोकांनी पुष्कळ मते दिली. कुणी डिकीची तारीफ केली, कुणी चढावर लागणाऱ्या धापेची टिंगल केली. प्रत्येकाला वाटे की गाड्यांमधले आपल्यालाच कळते. मला मात्र कुणी काही विचारले नाही, म्हणून आज मीच सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आमच्या रांगेतल्या सगळ्या गाड्या एकसारख्या होत्या. श्रीमंताने मान वळवून पाहावे असे आमच्यात काही नव्हते, आणि बेताच्या कमाईच्या माणसाने पाहून सुस्कारा टाकावा असेही काही नव्हते. चार दरवाजे, पाच माणसांची जागा, ऐसपैस डिकी आणि कामापुरते इंजिन. स्टिअरिंग डावीकडे होते, कारण ज्या देशांसाठी आम्हाला घडवले तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात. पुढचे सगळे रामायण त्या डावीकडच्या स्टिअरिंगवरूनच घडले.

जहाजातून मी एका दूरच्या बेटावरच्या पागो पागो बंदरात उतरले. माझी पहिली मालकीण लिसाती. ती मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यात काम करी. कामाची पाळी संपली की ती रबरी बूट घालूनच आत बसायची, आणि माझ्या गाद्यांना ट्यूना माशांचा वास कायमचा चिकटला. पण लिसातीने मला कधी नावे ठेवली नाहीत. मैत्रिणींना ती सांगायची, "दिसायला साधी आहे गं, पण एक दिवस मला रस्त्यात बसवलं नाही हिनं. माझ्या नवऱ्याबद्दल असं म्हणता येईल का?" मग सगळ्या जणी हसून माझ्या दारांवर थापा मारत. पुढे ती मुलांकडे हवाईला गेली आणि जाताना तिने मला आपल्या मावसभावाला दिले. बोटीत चढून मी पलीकडच्या उपोलू बेटावर आले. या भावाचे नाव सावेलियो.

सावेलियो बारा गावचे पाणी प्यायलेला माणूस. तरुणपणी तो ऑकलंडला गेला, तिथल्या गोदामांत राबला आणि घरी पैसे पाठवत राहिला. वडील वारले तेव्हा तो परत आला. वडील घराण्याचे मताई होते, म्हणजे प्रमुख. घराण्याची बैठक बसली आणि ती पदवी सावेलियोला मिळाली. त्या दिवसापासून त्याचा धाकटा भाऊ लातू त्याच्याशी बोलेनासा झाला.

लातूचे काय चुकले म्हणावे? आमच्याकडे पदवी मिळते ती सेवेने. भाऊ परदेशात असताना लातू वडिलांच्या मागे सावलीसारखा राहिला. अळूची शेती त्याने केली, रविवारी पहाटे उठून दगड तापवून जेवण त्याने शिजवले, वडिलांना अंघोळ त्याने घातली. बैठकीत त्याच्या नावाची चर्चाही झाली नाही. तो मुकाट्याने उठला, गावाच्या मधल्या हिरव्या मैदानापलीकडे घर बांधून राहिला. आईसाठी तो रोज केळीच्या पानात काहीतरी आणून ओट्यावर ठेवायचा आणि मागे न बघता जायचा. दोघांची आई मासिना त्याच्या पाठीकडे बघत राही. मी अंगणात उभी असे आणि मला ते बघवत नसे.

रविवारी प्रार्थनेनंतरचे भरपेट जेवण झाले की पुरुषमंडळी माझ्याभोवती जमत. शेजारचा फालानिको हा त्यांच्यातला मोठा टीकाकार. त्याच्याकडे एक जुनी जीप होती आणि तोंडाला कुलूप नव्हते.

"डिकी आहे की चर्चचा हॉल?" तो म्हणे. "अख्खं डुक्कर झोपलं तरी पाय पसरायला जागा उरेल. पण लेमाफाच्या घाटात काय धापा टाकते रे ही! मी चालत पुढं जाईन आणि वर बसून कोको पिईन."

"पेट्रोल किती कमी पिते ते बघ की," सावेलियो म्हणे. "तुझी जीप पंप दिसला की आपोआप वळते."

"पोट खाली लोंबतं हिचं. प्रत्येक खड्ड्याला मुका घेते."

"मग हळू चालवायची. घाई कुणाला आहे?"

घाई तेव्हा खरोखरच कुणाला नव्हती. मी बाजारात अळूचे कंद नेले, लग्नाला आहेराच्या चटया नेल्या, एकदा पाद्रीसाहेबांचा नवा पंखा नेला. गावाला मी मानवले होते, आणि मला गाव.

मग सरकारने ठरवले की उद्यापासून सगळ्यांनी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालायचे. कारण सोपे होते. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातले आपले लोक उजवीकडच्या स्टिअरिंगच्या स्वस्त गाड्या घरी पाठवू शकतील. गावात महिनाभर भांडणे झाली. बसवाल्यांनी कपाळावर हात मारले, कारण त्यांचे दरवाजे आता रस्त्याच्या मधोमध उघडणार होते. ठरलेल्या सकाळी भोंगे वाजले, रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या गोगलगाईसारख्या उजवीकडून डावीकडे सरकल्या, आणि मी एका सकाळीत कवडीमोल झाले.

"आता ही गाडी म्हणजे उजव्या पायातली चप्पल डाव्या पायात," फालानिको म्हणाला. त्याची जीपही तसलीच होती, पण ते तो विसरला.

सावेलियोने मला विकायचा प्रयत्न केला. राजधानीहून, आपियाहून आलेला एक व्यापारी माझ्याभोवती फिरला, टायरला लाथ मारली आणि न बोलता निघून गेला. मित्रांनो, माझे इंजिन तेच होते, डिकी तीच होती. आदल्या दिवशीपर्यंत ज्यांनी माझी तारीफ केली, तीच माणसे आता माझ्याकडे बघून चुकचुकत होती. मला फार वाईट वाटले.

त्याच सुमारास मासिनाआईच्या किडन्यांनी दगा दिला. दर दोन-तीन दिवसांनी तिला आपियाला नेऊन डायलिसिस करावे लागे. यंत्रावरची वेळ ठरलेली. उशीर झाला तर पुढच्या माणसाची पाळी यायची आणि आईचे अर्धेच रक्त शुद्ध व्हायचे. आणि आमचा रस्ता अरुंद. पुढे अळूने भरलेला ट्रक रांगत असला की त्याच्यामागे रांगत जायचे, नाहीतर ओलांडायचे. ओलांडायला उजवीकडे यावे लागे, आणि सावेलियो बसलेला डावीकडे, गटाराच्या बाजूला. त्याला ट्रकच्या ढुंगणापलीकडे काहीच दिसत नसे.

एके दिवशी उशीर झाला म्हणून त्याने देवाचे नाव घेऊन मला बाहेर काढले. समोर बस होती! त्याने कचकन मला आत ओढले. बसने माझा उजवा आरसा तोडून नेला. आई मागच्या सीटवर छातीवर हात ठेवून बसली होती. उरलेला सगळा रस्ता सावेलियोने मला ट्रकच्या मागेच रांगवले.

घरी आल्यावर आई म्हणाली, "उजव्या बाजूला कुणीतरी बसायला हवं. पुढचं बघून सांगणारं."

"तूच बस की, आई."

"माझ्या डोळ्यांना नारळ आणि निरफणस सारखेच दिसतात. लातूला बोलव."

"तो यायचा नाही."

"तुझ्यासाठी नाही येणार. माझ्यासाठी येईल."

तिने एका पोराला मैदानापलीकडे धाडले. दुसऱ्या दिवशी सकाळी लातू अंघोळ करून, केसांना तेल लावून आला. आईला मागे बसवले, स्वतः पुढे उजवीकडे बसला आणि खिडकीबाहेर बघू लागला. भावाकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. पहिला ट्रक आडवा आला. सावेलियोने वेग कमी केला. विचारायचे कुणी? तो विचारीना आणि लातू बोलेना. ट्रकचा धूर आमच्या नाकातोंडात जात राहिला. शेवटी मागून आई खोकली.

"थांब," लातू काचेला म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, "जा."

सावेलियोने मला बाहेर काढले, इतके दिवस माझ्या पोटात साचलेला सगळा जोर मी लावला, आणि आम्ही ट्रकच्या पुढे गेलो. त्या दिवशी आपियाला जाऊन येईपर्यंत दोघांमध्ये तेवढेच दोन शब्द झाले. थांब आणि जा. मला तर ते भाषणासारखे वाटले.

हळूहळू शब्द वाढले. "जा, पण कडेनं. डुकराची पिल्लं आहेत."

"दिसतात मला."

"दिसतात तर मला कशाला आणलंस?"

आणखी काही दिवसांनी लातू चिडवायलाही लागला. "जा म्हटलं तर जायचं असतं. ऑकलंडमध्ये गाडी चालवायचास की ढकलायचास?" सावेलियोच्या मिशा तेवढ्या हलत. मागे आई डोळे मिटून बसलेली असे. झोपली आहे असे मुलांना वाटायचे.

एका संध्याकाळी परतताना आम्ही गावाच्या वेशीवर पोहोचलो आणि शंख वाजला. प्रार्थनेची वेळ झाली. त्या वेळी गावात पाऊल टाकायचे नाही, की गाडीचे चाक फिरवायचे नाही. कंबरेला लावालावा, म्हणजे लुंगी, गुंडाळलेली तरुण पोरे रस्त्याच्या कडेला पहाऱ्याला उभी असतात. मताई असला तरी त्याला सूट नाही. सावेलियोने इंजिन बंद केले. घराघरांतून भजनाचे सूर येत होते. लातूने हलक्या आवाजात प्रार्थना म्हटली, सावेलियोने आमेन म्हटले. मग दोघांनाही कुठे जायला जागा उरली नाही.

"बैठकीत मी नकार देऊ शकलो असतो," सावेलियो एकदम म्हणाला.

"मग का नाही दिलास?"

"मला हवी होती ती पदवी," सावेलियो म्हणाला. "सगळे म्हणत होते तू पैसे पाठवलेस, तू पाठवलेस. मलाही तसंच वाटायला लागलं. बाबांना अंघोळ कोण घालतं, हे मी कधी विचारलंच नाही."

लातूने दरवाजाचे हँडल धरले, पण बाहेर उतरता येत नव्हते. पहाऱ्यावरची पोरे बघत होती. तो तसाच बसून राहिला. "निदान आज खरं बोललास," तो म्हणाला. दुसरा शंख वाजला, तेव्हा सावेलियोने मला सुरू केले आणि आम्ही घरी आलो.

त्यानंतर दोघे बोलू लागले, आणि इतके बोलू लागले की काही विचारू नका. एकदा तर वडिलांच्या डुकराचा रंग तांबूस होता की काळा, यावर हमरीतुमरी आली. सावेलियो ट्रकमागून बाहेर पडत होता आणि लातू त्याला डुकराचे कान कसे होते ते हातांनी दाखवत होता. रस्त्याकडे कुणाचेच लक्ष नव्हते.

"थांब रे मेल्या! पिवळी बस येतेय!" मागून आई ओरडली.

सावेलियोने करकचून ब्रेक दाबला. पिवळी बस भोंगा वाजवत निघून गेली.

"आई," लातू म्हणाला, "तुला पिवळी दिसली?"

"आवाजावरून कळलं मला."

"आवाज पिवळा असतो?"

"तू पुढं बघ," आई म्हणाली. "उगाच मागे वळून गप्पा मारू नकोस."

मला यात काही नवे नव्हते. दोघे भाऊ पाव आणायला उतरले की ती बारीक अक्षरांचे भजनांचे पुस्तक काढून वाचत बसे, आणि दोघे परत येताना दिसले की ते लगेच पिशवीत टाकी. मुलांना मात्र त्या दिवशी उलगडा झाला. घरी गेल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि काही न बोलण्याचे ठरवले. पुढच्या वेळीही लातू तेल लावून आला आणि उजवीकडे बसला.

असे छान चालले असताना ऑकलंडहून त्यांची बहीण लोइसे हिने नवी गाडी पाठवली. नवी म्हणजे तिथे वापरून झालेली, पण पांढरी, चकचकीत, आणि स्टिअरिंग उजवीकडे. सगळे गाव बघायला आले. फालानिकोने तिची डिकी उघडून नाक मुरडले, पण चढावर ती सुळकन जाते हे त्यालाही कबूल करावे लागले. माझ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "हिचे दरवाजे मला दे रे सावेलियो. कोंबड्यांना आडोसा करतो." सावेलियोने भंगारवाल्याला निरोप पाठवला. मी झाडाखाली गेले, आणि पहिली कोंबडी माझ्या टपावर येऊन बसली.

नव्या गाडीत सावेलियोला सगळे स्वतःच दिसत होते. लातूची गरज नव्हती, म्हणून लातू शेतावर जाऊ लागला. भांडण मुळीच झाले नाही. पण भेटायला निमित्तही उरले नाही. केळीच्या पानातला घास पुन्हा ओट्यावर येऊ लागला, आणि आणणारा पुन्हा मागे न बघता जाऊ लागला. आई नव्या गाडीतून उतरायची ती कुणाशी न बोलता आत जायची. मला माझ्या दरवाजांपेक्षा तिची काळजी जास्त वाटत होती.

भंगारवाला यायचा होता त्या सकाळी आईची हॉस्पिटलची वारी होती. सावेलियोने पांढरी गाडी काढली. आई काठी टेकत आली, त्या गाडीच्या पुढून गेली आणि थेट माझ्याकडे आली. दार ओढून उघडले, कोंबडीला हाकलले आणि मागच्या सीटवर बसली.

"आई, ती गाडी आज भंगारात जाणार आहे."

"जाऊ दे. मीही हिच्याबरोबर जाते."

"उशीर होतोय. तुझं यंत्र दुसऱ्याला देतील."

"देऊ देत."

सावेलियो माझ्या खिडकीशी वाकला. "तुला दिसतं, आई. मला माहीत आहे, लातूलाही माहीत आहे. ठीक आहे, हीच गाडी काढतो. तू पुढं बस आणि तूच सांग, थांब आणि जा."

आईने त्याच्या डोळ्यांत सरळ पाहिले. "मला काही दिसत नाही," ती म्हणाली.

मित्रांनो, मताई कुणाला बोलवायला स्वतः जात नाही. तो बसल्या जागेवरून निरोप धाडतो आणि समोरच्याने यायचे असते. बिनपदवीच्या धाकट्या भावाच्या दारात मताईने भर सकाळी गावादेखत जायचे, ही साधी गोष्ट नाही. निरोप घेऊन जायला पोरे अंगणात हजर होती. सावेलियोने त्यांना हात केला नाही. तो ते हिरवे मैदान आडवे चालत निघाला. फालानिको दात घासता घासता तोंडात ब्रश तसाच ठेवून बघत राहिला.

लातू चुलीचे दगड काढत होता. हात कोपरापर्यंत राखेने भरलेले. सकाळच्या शांततेत त्यांचे बोलणे मला झाडाखाली स्पष्ट ऐकू आले.

"चल," सावेलियो म्हणाला. "मला उजवीकडचं दिसत नाही."

"नव्या गाडीत दिसतं की."

"दिसतं. पण शेजारची जागा रिकामी असते रे. मला नाही करमत."

लातूने राखेचे हात तसेच लावालावाला पुसले आणि त्याच्या बरोबरीने चालत आला. तेल लावायला त्या दिवशी वेळ नव्हता. दोघे बसले, मी एका दमात सुरू झाले, आणि वाटेत आम्ही सगळे ट्रक ओलांडले. आई यंत्रावर वेळेत पोहोचली. भंगारवाला आला तेव्हा फालानिकोनेच त्याला परत पाठवले म्हणे, "तिचे दरवाजे मोकळे नाहीत" असे सांगून.

मासिनाआई त्यानंतर दीड पावसाळा जगली. पांढरी गाडी आता पाद्रीसाहेब वापरतात आणि तिची फार तारीफ करतात. ती तारीफ खोटी नाही. माझा तिच्यावर राग नाही. शनिवारी दोघे भाऊ मला घेऊन बाजारात जातात. माझ्या गाद्या फाटल्या आहेत, तळ गंजला आहे आणि लेमाफाचा घाट मला आता खरोखरच झेपत नाही. मध्येच थांबून दोघे माझ्यात पाणी घालतात आणि आपल्या वडिलांच्या डुकरावरून भांडतात.

तुमच्या घरी एखादी जुनी गाडी असेल, तर माझे एवढेच मागणे आहे. तिला अधूनमधून धुवा, तेलपाणी बघा, टायरला लाथ मारू नका. आणि ती विकायची झाली, तर ती किती पळते आणि किती पेट्रोल पिते एवढेच बघून मोकळे होऊ नका. तिच्यात बसल्यावर तुमच्या घरातले कोण कुणाशी बोलते, तेही एकदा बघा. तुम्हाला ते दिसले नाही, तर मागच्या सीटवर डोळे मिटून बसलेल्या माणसाला विचारा.